पात्यातलं भोक

एटापल्लीच्या पुढच्या पोस्टवर आमची कंपनी लागली तेव्हा मी हवालदार होतो. निमलष्करी दल. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग रस्ता तपासायला पेट्रोल, रोज तेच. पेट्रोलवर निघण्याआधी प्रत्येकानं दलाकडून मिळालेली, इश्यूची सुरी म्यानात घालायची आणि म्यानाच्या बटणावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. बटण वाजलं की जंगलात आवाज लांब जातो. आमच्या कंपनीची ही जुनी रीत. काऊन, असं कोणी विचारत नसे.

तुम्हा सिव्हिलवाल्यांना सुरी म्हटलं की कांदा आठवतो. मग ऐका. पूर्वी पात्याचं पोलाद मुठीत जेमतेम शिरायचं. ते मुठीच्या टोकापर्यंत एकसंध नेलं आणि मूठ उखडायची थांबली. घडीच्या सुरीला लॉक आलं. पातं उघडलं की मुठीतली पट्टी सरकून त्याच्यामागं अडते, बोटं शाबूत राहतात. पण धंदा खरा हलवला तो पात्यातल्या एका गोल भोकानं. परदेशातल्या एका कारखान्यानं ते पाडलं. अंगठा भोकात टेकवायचा, ढकलायचा, सुरी एका हातानं उघडते. वर खिशाला अडकवायला क्लिप. झालं! बाकीचे कारखाने मागं धावले, कोणी भोकाऐवजी खुंटी लावली, कोणी आणखी काही. तोवर बहुतेक घडीच्या सुऱ्यांना दोन्ही हात लागायचे, आणि जवानाचे दोन्ही हात मोकळे कधी असतात, सांगा मला!

शिपाई सुकरू मडावी माझ्या सेक्शनमधला. एटापल्लीकडच्याच जंगलातल्या गावचा, माडिया आदिवासी घरचा. त्यानं नागपूरच्या बाजारातून अशी भोकाची सुरी आणली होती. जरा रिकामा झाला की टक-टक उघडत बसायचा.

"डोकं उठवून राह्यला तू," मी ओरडायचो.

"उस्ताद, अंगठ्याले शिकवून राह्यलो. तुमच्या डोक्याले काऊन त्रास?"

एकदा कंपनी कमांडरनी त्याला पकडलं.

"ये खिलौना किसका है? पेट्रोल पर प्रायव्हेट चाकू नहीं चलेगा."

मडावी "येस सर" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तीच सुरी त्याच्या खिशाला. मी पाहिलं आणि सोडून दिलं. पोरगं माझ्यासारखंच आडमुठं होतं, म्हणून मला आवडायचं.

पावसाळ्यात एकदा आम्ही पेट्रोलवरून परतत होतो. सकाळी गुडघाभर असलेला नाला दुपारी छातीला लागला. दोन्ही काठांच्या ऐनाच्या झाडांना दोर बांधला. प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा हुकानं दोरात अडकवलेला. बाकीचे पार झाले, मी मध्यावर, माझ्यामागं मडावी. तेवढ्यात वरून वाहत आलेलं झाडाचं खोड माझ्या अंगावर आलं. पट्टा त्याच्या फांदीत गुंतला आणि पाण्यानं मला खाली दाबलं. ताणामुळं हूक सुटेना. एका हातात दोर, दुसरा म्यानावर. ओली चिकटपट्टी नखाखाली येईना. नाकातोंडात पाणी. घाबरलो? घाबरलो की! आता मेलो, एवढंच कळत होतं.

काठावरून वायरलेसवर झालेलं बोलणं मला नंतर समजलं. चार्ली म्हणजे आमचं पेट्रोल, टायगर म्हणजे पोस्टवरचे कंपनी कमांडर.

"टायगर, टायगर, चार्ली. एक आदमी पानी में फँसा है. ओव्हर."

"चार्ली, टायगर. कोई अपना हूक नहीं खोलेगा. रस्सी खींचो. ओव्हर."

ऑपरेटरनं ते ओरडून सांगितलं. मडावीनं ऐकलं आणि हूक काढला. खोडाला वळसा घालून माझ्यापर्यंत पोचायला दुसरा मार्गच नव्हता. डाव्या हातानं त्यानं दोर धरला. उजव्या हातानं खिशातली सुरी ओढली, अंगठ्यानं उघडली, माझा पट्टा कापला.

"उस्ताद, सोडा!"

मी दोर सोडला. खालच्या वळणावर पोरांनी मला कॉलरला धरून ओढून काढलं. मागं वळून पाहिलं तर खोड मोकळं वाहत चाललं होतं आणि दोरावर कोणी नव्हतं. सुटलेल्या खोडानं मडावीला ओढून नेलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत खालच्या दगडांत सापडलं.

कंपनी कमांडरनी सगळ्यांना फॉलिन केलं. म्हणाले, मडावीनं ऑर्डर मोडली, हूक काढला, मनाई असलेली सुरी बाळगली. पोस्टच्या शहीद स्तंभावर गोळीनं किंवा स्फोटानं गेलेल्यांचीच नावं लागतात, त्याचं लागणार नाही. मी रांगेतून पुढं झालो.

"साहेब, ऑर्डर पाळणारे सगळे काठावर उभे होते. मी कोणामुळं जिवंत आहे ते लिहा आधी."

"हवालदार, चूप!"

"चूप नाई राहत, साहेब."

माझी रजा थांबवली. थांबवा म्हटलं. दुसऱ्या सकाळी आमच्या सेक्शननं म्यानावरच्या चिकटपट्ट्या फाडून चुलीत घातल्या. बटणाखाली कापडाचा तुकडा दाबला. आवाजही नाही आणि सुरीही मोकळी. जुन्या रीतीकडं कोणी परत गेलं नाही. साहेब पाहून पुढं गेले.

पुढं रजा मिळाली तेव्हा साहेबांनी बजावलं, मडावीच्या गावी युनिफॉर्म घालून जायचं नाही. मी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घातला, टोपी चढवली आणि गेलो. त्या गावात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात, हे ऐकून होतो. स्तंभावर नाव नाही तर नाही, म्हणून चंद्रपुरात काळी गुळगुळीत पाटी कोरून घेतली होती. नाव, नंबर, रँक.

मडावीच्या आईनं पाटीवरून हात फिरवला आणि ती बाजूला ठेवली.

"दगड डोंगरातून आणतेत. खांद्यावर. नाव लागत नाई, गावाले मालूम हाये."

"अन् घरचेच उचलतेत, भाऊ," मडावीचा मोठा भाऊ म्हणाला. "बाहेरचा नाई चालत."

डोंगराच्या पायथ्याशी दगड दोरांनी बांधून ठेवला होता, वरून लाकडाची दांडी घातलेली. घरचे पुरुष जमले. मी मागं सरलो. म्हातारी माझ्याकडं वळली.

"तू कोन त्याचा?"

मी टोपी काढून हातात घेतली. डोळे भरून आले.

"बाई, त्यानं पाण्यातून सोडवला, तो मी."

मग तिनं दांडीकडं बोट केलं.

"मंग उचल."

मडावीच्या भावानं सरकून जागा केली, आणि मी दांडीखाली खांदा घातला.