कांदेबाई

बाभुळगावात शीला हरकरे कुठे राहतात असं विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. कांदेबाईंचं घर विचारा, पानठेल्यावरचा माणूस उठून रस्ता दाखवायला येईल. हे नाव पोरांनी ठेवलेलं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. होळी झाली, शाळा सकाळची झाली, की प्रार्थनेनंतर बाई रांगेतून फिरून खिसे तपासायच्या. ज्याच्या खिशात कांदा नाही त्याला बाईंच्या पिशवीतला एक कांदा मिळायचा, आणि पाठीत एक धपाटा. "ऊन काही विचारून लागत नाही रे गधड्या," असं वर ऐकावं लागायचं. पोरं त्या कांद्यांनी क्रिकेट खेळायची, एकमेकांच्या डोळ्यांत रस उडवायची, पण भर दुपारी घराकडे निघताना कांदा खिशात असायचा. बाईंच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या वर्गातलं एकही पोर उन्हानं दगावलं नाही. आयुष्यात मिरवावं असं बाईंकडे फार काही नव्हतं. हे एवढं मात्र त्या मिरवायच्या, आणि त्यांनी का मिरवू नये?

नवरा नरहरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. एकुलता एक सलील पुण्याला कंपनीत. त्यानं तिथे एक कुत्रा घेतला. त्याचं नाव निको, बाईंनी त्याचा निकू केला. सैबेरियन हस्की, निळ्या डोळ्यांचा.

आता कुत्र्यांचंही कपड्यांसारखं असतं. एके काळी यवतमाळात दर दुसऱ्या कारकुनाच्या घरी पांढरंशुभ्र पामेरियन असायचं, टीचभर जीव आणि हातभर आवाज. मग ज्यांनी कंपाउंडं बांधली त्यांना अल्सेशियन पाहिजे झाला, कारण तो धन्याशिवाय कोणाला जुमानत नाही. त्यानंतर लॅब्रॅडोर आले. ते मूळ कोळ्यांचे, थंड समुद्रातून जाळी ओढणारे. आमच्याकडे ते पोळ्या खाऊन खाऊन पिंपासारखे झाले आणि चोर आला तरी शेपूट हलवू लागले. आणि आता हा हस्की. मुलगी बघायला जाताना माणसं चार पिढ्यांची चौकशी करतात. कुत्रा घेताना डोळ्यांचा रंग बघतात आणि मोकळी होतात. तो कोणत्या मुलखाचा, त्याच्या अंगावर ही एवढी लोकर देवानं कशासाठी दिली, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही.

शीलाबाईंना ते विचारावंच लागलं नाही. टुंड्रा प्रदेश त्यांनी जन्मभर शिकवला होता. वर्षाचे नऊ महिने बर्फ, त्यावरून घसरणारी बिनचाकी गाडी आणि ती ओढणारे कुत्रे. फळ्यावर त्या गाडीचं चित्र काढायच्या तेव्हा कुत्रे नेहमी शेळ्यांसारखे दिसायचे आणि वर्ग हसायचा. त्या चित्रातला कुत्रा एक दिवस आपल्या ओसरीवर येऊन बसेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण तो आला. सलीलला जर्मनीची नोकरी लागली. दसऱ्यानंतर तो, सूनबाई आणि नात शाल्मली निरोप घ्यायला आले ते निकूला घेऊनच. "आई, तिथं घर मिळालं की नेतोच याला. तोवर फक्त," असं सलील म्हणाला. निघताना शाल्मलीनं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकले ते सुटेनात. मागच्या उन्हाळ्यात ती इथे आली होती तेव्हा आजीनं तिच्याही फ्रॉकच्या खिशात कांदा ठेवला होता आणि तिनं तो पुण्यापर्यंत नेला होता.

"आजी, तू याला सांभाळशील ना?"

"सांभाळीन म्हणजे? तू येशील तेव्हा दारात उभा दिसेल तुला."

शब्द गेला. बाईंच्या मते लहान पोराला दिलेला शब्द हा सगळ्यात जड. मोठ्यांना दिलेला मोडला तर ते समजून तरी घेतात.

हिवाळाभर निकूनं घर डोक्यावर घेतलं. हा कुत्रा भुंकायचा नाही, मान वर करून गळा काढायचा. नरहरराव म्हणायचे, "आपले जावईबापू रियाजाला बसले." राखणीच्या नावानं आनंद, परक्या माणसाच्या अंगावर तो लाडानं उड्या मारायचा. फाटक उघडं दिसलं की पळाला. पळणं त्याच्या रक्तातच होतं, कोसच्या कोस गाडी ओढणारी जात. शेजारचे रामराव स्वतःच्या तुरीच्या वावरातून त्याला दोनदा कानाला धरून घेऊन आले. बाई चिडायच्या, मग त्याच्या मानेच्या दाट केसांत बोटं घालून बसायच्या. नरहररावांनी आधी नाक मुरडलं होतं, पण पुढे पुढे सकाळचा चहा घेताना अर्धं बिस्किट बाजूला ठेवू लागले.

संक्रांत गेली आणि सलीलच्या बोलण्यातलं 'घर मिळालं की' हे 'बघू' झालं. होळीच्या सुमारास ते 'इथलं सगळं अवघड आहे गं' झालं. शाळेत 'उद्या वही आणतो' म्हणणारी पोरं बाईंनी हजारो पाहिली होती. सलील कुत्रा नेणार नाही हे त्या उमजून चुकल्या. पण शाल्मली दिवाळीत येणार होती. तोवर, म्हणजे मधला सगळा उन्हाळा, निकूला जिवंत ठेवायचं होतं. यवतमाळच्या उन्हाळ्यात माणसाची कातडी निघते, तिथे हे बर्फातलं जनावर.

बाईंनी पदर खोचला. रामराव म्हणाले, "बाई, याले मेंढरावानी कातरून टाका ना. एवढे केस कायले पायजेत?" बाईंनी सलीलला विचारलं. तो म्हणाला, केस कापायचे नाहीत, तीच लोकर उन्हालाही अडवते, फक्त विंचरून मेलेले केस काढायचे. बाई रोज विंचरायच्या, पोतंभर केस निघायचे. त्याला फिरवायचं ते उजाडायच्या आधी. न्हाणीघराशेजारच्या खोलीत कूलर लावला, त्याला वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या, खाली ओली पोती. लाईन गेली की नरहरराव ओला पंचा घेऊन वारा घालायचे. "सरकारी नोकरीत साहेबाला घातला नाही तो वारा कुत्र्याला घालून राहिलो," असं म्हणत घालायचे. चॉकलेट द्यायचं नाही, द्राक्षं द्यायची नाहीत, हेही सलीलनं फोनवर सांगितलं होतं. बाईंनी एकूण एक गोष्ट विचारून केली.

विचारली नाही ती एकच. पुण्याहून आलेलं पाकिटातलं खाणं संपलं आणि निकू दहीभातावर आला. त्या भातात बाई रोज एक कांदा बारीक चिरून, हातानं कुस्करून कालवायच्या. जे माहीत नसतं ते माणूस विचारतो. जे माहीतच आहे ते कोण कोणाला विचारणार? उन्हाला कांदा, हे बाभुळगावात शेंबडं पोरही सांगेल.

वैशाखात निकू मलूल झाला. फिरायला निघाला की कोपऱ्यावरच बसायचा. बाईंनी कांदे दोन केले. त्याच्या पंजांच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळला. कैरीचं पन्हं पाजलं. मग एक दिवस अंगणात त्यानं लघवी केली ती कोऱ्या चहासारखी. बाई म्हणाल्या, "बघा, उन्हाळी लागली याला." आमच्याकडे उन्हानं लघवीला जळजळ होते तिला उन्हाळीच म्हणतात, आणि तिच्यावरचं औषध घरोघरी ठाऊक असतं. बाईंनी धने-जिऱ्याचं पाणी केलं. आणि रात्रीच्या भातात आणखी एक कांदा घातला.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला त्या दिवशी निकू उठलाच नाही. जीभ पांढरट पडली होती, बसल्याजागी धाप लागत होती. गावातला गुरांचा दवाखाना बंद होता. रामरावांनी ओळखीच्याची गाडी मिळवली आणि तिघं मिळून त्याला यवतमाळला घेऊन गेले.

डॉक्टर अर्पिता वयानं सलीलपेक्षाही लहान. तिनं निकूचा ओठ वर करून हिरडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, रक्त काढून घेतलं.

"काकू, खायला काय देता?"

बाईंनी सांगितलं. दहीभात, पन्हं, लघवी काळी झाली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी. आणि मग, शाळा तपासायला आलेल्या साहेबाला सांगावं तशा ताठ मानेनं, "आणि कांदा. रोज. एक दिवस चुकवला नाही मी."

डॉक्टरचा हात निकूच्या पोटावर तसाच राहिला.

"काकू, कुत्र्याला कांदा चालत नाही. कच्चा नाही, शिजवलेलाही नाही. त्याचं रक्त आतल्या आत फुटत जातं. लघवी काळी झाली ती त्यानंच."

"पण ऊन..." बाई म्हणाल्या. "ऊन लागलं ना याला. एवढं ऊन आहे."

"उन्हाचं काही नाही झालेलं याला. ऊन तुम्ही लागूच दिलं नाहीत."

बाई खुर्चीवर बसल्या. डॉक्टर बोलत होती, नागपूरला नेता आलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवून बघतील, पण फार उशीर झालाय, मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही. नरहररावांनी "निघू," एवढंच म्हटलं. रामराव बाहेर गाडीपाशी उभे होते, त्यांनी यातलं काही ऐकलं नाही.

गाडीत एसी होता. थंड झोत आला तसं निकूनं नाक वर केलं, किती दिवसांनी केलं, आणि बाईंना वाटलं, वाचतो की काय. त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्या सारख्या त्याच्या कानात काहीतरी सांगत होत्या. नागपूरच्या वाटेवरचं कळंब यायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं की आपण एकट्याच बोलतोय.

गाडी वळवली. रामरावांनी आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली खड्डा खणला. उन्हानं जमीन दगड झाली होती, तास गेला. माती लोटून झाल्यावर ते दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "नका लावून घेऊ मनाले, बाई. थंड्या मुलखाचं जनावर. ऊन लागलं त्याले."

बाई काही बोलायच्या आत नरहरराव म्हणाले, "हो. ऊन लागलं."

तहसील कचेरीत उभ्या जन्मात या माणसानं एक खोटी नोंद केली नव्हती. म्हातारपणी बायकोसाठी केली. गल्लीत सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं, सलीललाही तेच. बाई ऐकत राहिल्या. चांगुलपणानं बोललेलं खोटं अंगावर शालीसारखं पांघरून बसायचं, आणि तेही भर नवतप्यात. त्यांना ते सोसवत नव्हतं. जेवताना पानात कांदा आला की त्या उठून जायच्या. एकदा शिकवणीवरून येणाऱ्या दोन पोरींनी फाटकातून ओरडून सांगितलं, "कांदेबाई, कांदा आहे बरं का आमच्या दप्तरात!" बाई त्यांच्याकडे बघून हसल्या आणि आत येऊन मोरीत ओकल्या.

रविवारी जर्मनीहून फोन आला. पडद्यावर शाल्मली होती, रडून रडून डोळे सुजलेली. सलीलनं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. नरहरराव बाईंच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बेटा, फार ऊन होतं इकडे यंदा. ऊन लागलं त्याला."

शाल्मलीनं विचार केला. तिला आजीची शिकवण पाठ होती.

"आजी, तू त्याला कांदा नव्हता दिला का?"

नरहररावांचा हात बाईंच्या खांद्यावर घट्ट झाला.

"दिला होता गं," बाई म्हणाल्या. "रोज देत होते."

"मग काहून मेला तो?"

काहून हा शब्द तिनं इथूनच, आजीकडूनच उचलला होता. नरहररावांनी फोन घ्यायला हात पुढे केला. बाईंनी दिला नाही. पोरानं प्रश्न विचारला आणि बाईंनी चुकीचं उत्तर सांगितलं, असं जन्मात झालं नव्हतं.

"कांद्यानंच मेला गं तो. कुत्र्याला कांदा विष असतो. मला माहीत नव्हतं. मी दिला."

शाल्मली आजीकडे बघत राहिली. मग ती उठून निघून गेली. बाईंनी दोनदा हाक मारली. पडद्यावर तिची रिकामी खुर्ची दिसत होती, आणि बाई फोन तसाच धरून तिच्याकडे बघत बसल्या.