सुतळीचं जाळं

मोर्चाची पत्रकं बांधताना सुतळीचा कोंदट वास नाकात गेला आणि मी थकून तिथेच बसलो. दिघोरीच्या शाळेतला चौथीचा वर्ग आठवला.

बाईंनी आम्हाला गोल बसवून सुतळीचा गुंडा दिला होता. "ज्याच्या घरचे तुमच्या कामाले येतात, आपली सुतळी धरून ठेवून गुंडा त्याच्याकडे फेका. मंग दिसन, आपण कसे जुळून आहोत."

सुनीताने गुंडा कोणाकडेही फेकला तरी तो परत तिच्याकडेच यायचा, कारण तिची माय साऱ्या गावाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचं रोवणं करायची. बघता बघता तिच्या मांडीवर सुतळीचा ढीग झाला.

"पाहा, सुनीता किती जणांशी जुळली!" बाई खुशीत म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा ते जाळं मला फार सुंदर दिसलं होतं. आता कुठल्याही पत्रकात ‘एकजूट’ लिहिताना हात अडतो, कारण पुढचंही आठवतं.

जेवणाची घंटा झाली. सगळ्यांनी आपापली सुतळी टाकली आणि सगळे ताटल्या घेऊन पळाले. सुनीता एकटीच गुंता सोडवत बसली.

"चाल ना वं सुनीता, खिचडी सरून जाईन!" दारातून मैत्रीण ओरडली.

"तू जाय," ती मान वर न करता म्हणाली. "हे सोडवाले कोणी येते का?"