कंपाउंडरचे मासे

नव्वदच्या सुमारास उल्हासनगरला आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे एक कंपाउंडर होते. पेशंट बसायच्या खोलीत त्यांनी हौसेने फिशटँक ठेवला होता, पण त्यात मासा काही दिसायचा नाही. त्यांचे मिशीवाले मासे दिवसभर मातीच्या नळीत दडून बसत. कोणी विचारलं की कंपाउंडर दोनदा म्हणायचे, "आहेत. आहेत." काचेवर टकटक केली, तर मात्र स्वतःचाच दात दुखल्यासारखा चेहरा करायचे.

एकदा सुजलेला गाल धरून बसलेले एक सिंधी शेठ म्हणाले, "खाली पानी क्यों पाला है, भाई?"

डॉक्टर आतून ओरडले, "उद्याच परत करा ते, गोल्डफिश आणा!"

कंपाउंडरनी गुपचूप खिडक्या लावल्या, ट्यूबलाइट बंद केली आणि टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला.

"लाल उजेडाला ते बुजत नाहीत," ते कुजबुजले.

जरा वेळाने नळीतून मिशा आल्या, मग अख्खा मासा. शेठ गाल सोडून पुढे सरकले.

"लाईट गेली काय?" म्हणत डॉक्टर चिमटा घेऊनच बाहेर आले.

"शू! बैठो," शेठनी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं.

डॉक्टर चिमटा मांडीवर ठेवून काचेकडे वाकले. कंपाउंडरनी त्यांना नीट दिसावं म्हणून टॉर्च जरासा वळवला.