'ड्रॉप बाय' आणि सोयरे

आधीच माफी मागून ठेवतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं जमत नाही. शब्दही साधेच आहेत, घरात वापरायचे. पण जो घोळ मी घातला तो काही साधा नव्हता. पुऱ्या पहूर गावाला माहीत आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

माझं पहूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर आलं की मी मोबाईलकडे बघूनच बोलतो, इतका लाजरा. अशा माणसाला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगी वैशाली, इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवते. बघण्याच्या दिवशी तिने मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही बोलता का?" मी मान हलवली. ती हसली. झालं! त्या हसण्यावर मी पार गेलो. आता लग्न करीन तर हिच्याशीच.

तिच्या बरोबरीला यायचं म्हणून मी जळगावला इंग्रजीचा क्लास लावला. दुकानाला कुलूप घालायचं आणि एस.टी. पकडायची. आमचे सर फार जोरात शिकवायचे. म्हणायचे, "इंग्रजीत क्रियापदाला शेपूट असतं, आणि त्या शेपटाला घड्याळ बांधलेलं असतं!"

म्हणजे कसं? 'पुट ऑफ' आलं की मागे 'टिल मंडे' येणार. 'स्टे ऑन'च्या मागे 'फॉर अ वीक' चालेल. पण 'ड्रॉप बाय'? त्याच्यामागे 'अराउंड इलेवन' चालतं, 'फॉर अ वीक' कधीच नाही! एका पोराने 'आय विल ड्रॉप बाय फॉर थ्री डेज' असं वाक्य केलं, तर सरांनी त्याला खडू फेकून मारला. "अरे, ड्रॉप बाय म्हणजे उभ्या उभ्या येणं! चहा, बिस्कीट, थँक यू, चालले! तीन दिवस राहिलास तर पोलीस बोलावतील!"

हे माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. शाळेत एवढं लक्ष दिलं असतं तर आज तलाठी झालो असतो.

आणि त्याच आठवड्यात वैशालीचा मेसेज आला. 'नाना अँड ऑल विल ड्रॉप बाय ऑन संडे, अराउंड इलेवन.'

नाना म्हणजे तिचे वडील. ते घर बघायला येणार होते. घर पसंत पडलं की सुपारी फुटणार. म्हणजे सगळं त्या एका रविवारावर होतं.

आईने लगेच कंबर कसली. "वरण-बट्टी करते. वांग्याची घोटलेली भाजी. वरून तूप."

मी म्हणालो, "काही करू नकोस."

"काय?"

"ते ड्रॉप बाय करणार आहेत."

"कोणाला?"

"अगं आई, तसं नाही. ड्रॉप बायमध्ये जेवण नसतं. उभ्या उभ्या येतात. चहा-बिस्कीट पुरे."

"अरे भो, धुळ्याहून उभ्या उभ्या कोण येतं? सोयरे घर पाहायला येऊ राहिले ना?"

"वैशालीने स्वतः लिहिलंय! शिकलेली माणसं आहेत ती. जबरदस्तीने ताटावर बसवलं तर म्हणतील, यांना काही रीत कळत नाही."

बाबा मध्ये बोलले, "निदान पोहे तरी."

"पोहेसुद्धा नाही!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी घरात आवाज चढवला, तोही पोह्यांसाठी.

रविवारी अकराला जीप आली. नाना, वैशालीची आई, तिचे काका म्हणजे आबा, दोन आत्या, आणखी एक-दोन मंडळी. घर बघून झालं. विहीर बघून झाली. चहा झाला, बिस्किटं झाली. आता उठतील, असं मी मनात म्हटलं.

कोणी उठेना.

पावसापाण्याचं बोलणं झालं. कपाशीचं झालं. आबांनी दोनदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मला वाटलं, घर आवडलेलं दिसतंय! मी आईला खुणावलं, परत चहा. परत बिस्किटं.

साडेबारा वाजले. एक वाजला. आत्याबाई उठून हात धुऊन आल्या आणि पदराला हात पुसत पुन्हा जागेवर बसल्या. आता सांगा, भर दुपारी पाहुणा आपणहून हात धुऊन येतो, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मला नाही कळला. मी त्यांना टॉवेल आणून दिला!

तिसरा चहा आला तेव्हा आबा बशीकडे बघत म्हणाले, "आखो चहा? कितला चहा पेतस रे तुम्ही?"

मी म्हणालो, "घ्या ना, लाजू नका."

आई दाराआड उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, की मोबाईल असतो तर फुटलो असतो. मला मात्र वेगळीच काळजी. ड्रॉप बाय इतका वेळ कसा चालला? मी अंगणात जाऊन वैशालीला मेसेज टाकला. माझ्या मते एकदम फक्कड इंग्रजी होतं: 'युवर पीपल आर स्टिल हँगिंग अराउंड सिन्स इलेवन.'

तिचं उत्तर मराठीत आलं. "जेवणं झाली का?"

मी लिहिलं, "जेवण नाही. ड्रॉप बाय आहे ना."

मग आलं, "अहो, सकाळी आई डबा करत होती, तर नाना म्हणाले, सोयऱ्यांच्या घरी भरल्या पोटी जायचं नसतं. सगळे उपाशी आलेत!"

माझ्या पायाखालची जमीन नाही, पूर्ण पहूर सरकलं. घरात धावलो. म्हणालो, "आई, बट्टी!" तेवढ्यात नाना उठले. हात जोडले. "येतो आम्ही." चेहऱ्यावर राग नव्हता, हे जास्त वाईट. जीप गेली.

गेली म्हणजे कुठे? फाट्यावरच्या हॉटेलात! तिथे अख्खी मंडळी शेवभाजी आणि पोळ्यांवर तुटून पडली, आणि हे बघायला नेमका माझा मामा हजर. त्याने विचारलं, "कुठले पाहुणे?" आबांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की आम्ही सोयऱ्यांना उपाशी हाकललं. दुकानात येणारा जो तो विचारू लागला, "काय दिपकभाऊ, आम्हाला पण चहाच का?"

आई एवढंच म्हणाली, "तुझी इंग्रजी चुलीत घाल." त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. बाबांनी सुस्कारा टाकला. "धुळ्याचा नाद सोड आता," म्हणाले.

वैशालीचा मेसेज नाही. फोन केला, उचलला नाही.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं? आई उठायच्या आत उठलो. परसात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि टोपलीभर हिरवी वांगी भाजली. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून बडग्याने भरीत ठेचलं. पुऱ्या लाटल्या, एकेकीचा आकार वेगळ्या तालुक्याचा. मोठा डबा भरला आणि पहिल्या गाडीने धुळे गाठलं. वाटेत नक्की केलं, इंग्रजीचा एक शब्द बोलायचा नाही. सरळ पाय धरायचे.

दार नानांनी उघडलं. मी वाकलो आणि डबा पुढे केला. "काल चुकलो. सगळ्यांसाठी भरीत-पुरी आणली आहे."

नानांनी झाकण उघडलं. वास घेतला. डोळे मिटले. मग म्हणाले, "पोऱ्या, आज एकादशी शे. आमना घरमा बठ्ठासना उपास शे."

आता बोला! आमच्याकडे एकादशी फक्त आई धरते, आणि आई माझ्याशी बोलत नव्हती.

मी डबा उचलून निघालो, तर नानांनी हात धरला. "कोठे चालना? आमना घरतून कोनी उपाशी जात नही." पाट मांडला. ताटात माझंच भरीत-पुरी आली. आबा, आत्याबाई, सगळी उपाशी मंडळी भोवती गोल करून बसली आणि मधोमध मी एकटा. वैशाली वाढायला आली. तोंडावर हसू दाबत म्हणाली, "पोटभर जेवा. लाजू नका."

पहिला घास घेतला.

भरीतात मीठ नव्हतं! एक कणही नाही!

"कसं व्हयनं?" नानांनी विचारलं.

"छान," मी म्हणालो.

"मंग थोडं ऱ्हाऊ दे. उद्या बारसले उपास सोडीसन आम्ही चाखसूत."

चाखणार? हे? काल उपाशी ठेवलं आणि आता हे अळणी खायला घालू? मी डबा स्वतःकडे ओढला आणि खायला लागलो. पुरी संपली तर नुसतं भरीत खाल्लं. वैशालीची आई "अहो हळू," म्हणाली. मी थांबलो नाही. शेवटी बोटाने डब्याचा तळ पुसला, पुरावा राहायला नको म्हणून.

नानांनी रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "जवाई लाजाळू शे म्हने! बठ्ठा घरनं भरीत एकटाच खाई गया!"