मेजर मत मागतात

तीस वर्षं मेजर लेनार्ट स्टीएर्नफेल्ट यांनी एक्शो गावच्या लष्करी छावणीत नुसते हुकूम सोडले. निवृत्तीनंतर ते बायकोलाही हुकूम सोडायला लागले, तेव्हा मार्तानंच त्यांना उजव्या पक्षात ढकललं. यंदा ते नगरपालिकेला उभे होते.

मतदानाच्या रविवारी शाळेच्या दारात, तिथल्या रिवाजाप्रमाणे, ते आपल्या पक्षाच्या छापील मतपत्रिका वाटत होते; मतदार हवी ती आत नेऊन पेटीत टाकायचे. "घ्या! चला पुढे!" माणसं दचकून घ्यायची आणि सटकायची.

"अहो, शिधा वाटताय का? जरा गोडीनं बोला की," शेजारी उभी असलेली मार्ता करवादली.

तेवढ्यात एव्हर्ट लोहार आला. मेजरांचा जुना शिपाई, आता पक्का समाजवादी. एकदा बर्फातल्या कवायतीत त्याचा पाय मोडला, तेव्हा मेजरांनी त्याला शिव्या घालत घालत दोन कोस पाठीवर आणलं होतं.

मेजरांनी घसा खाकरला. "एव्हर्ट, घेतोस का रे एक?"

एव्हर्टनं पत्रिका घेतली. "मत आमच्याच पक्षाला देणार, साहेब. पण ही घरी नेतो. खाली सही करा."

"सही कशाला?"

"तुम्ही मला काही विचारलंत, हे बायकोला खरं वाटायचं नाही."

मेजरांनी सही केली. हुद्दा लिहायचा मात्र आयुष्यात पहिल्यांदाच राहून गेला.