पेलेनाटो बोलला की

पेलेनाटोबद्दल चांगलं बोलायला मला सांगू नका. चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच गावाचे वक्ते, बैठकीत शेजारशेजारच्या खांबांना पाठ टेकून बसतो. तारोचे कंद माझे चांगले पिकतात, होडी माझी भक्कम. पण त्यानं वक्त्याची काथ्याची चवरी खांद्यावर टाकून तोंड उघडलं की बाहेर ऐकणाऱ्या बायका डोळे पुसतात. माझ्या पाळीला त्या चटया विणतात. जळतो मी, चक्क जळतो.

आमच्या गावची रीत अशी, की विषय कुठलाही असो, आधी वक्त्यांनी हुज्जत घालायची, आज गावातर्फे बोलायचं कोणी. हरला त्यानं गप्प बसायचं.

गेल्या वर्षी पोरांची पोटं बिघडायला लागली. झऱ्याच्या वरच्या अंगाला मोठ्या सरदारानं डुकरांचा नवा गोठा घातला होता आणि पाऊस पडला की सगळी घाण खाली येत होती. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाण्यावर बैठक बसली, तिथे हेच सांगायचं ठरवून गेलो.

पण पेलेनाटोनं सुरुवात केली, "ज्या झऱ्यानं आपल्या आज्यांना वाढवलं, त्या आईच्या दुधाला नासकं म्हणणारा कोण?"

सगळे गहिवरले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता नुसतं डुकरांचं काय सांगायचं, हसतील की. मी त्याच्याहून मोठी आई काढली, समुद्र काढला, पूर्वजांच्या होड्या काढल्या. तासभर बोललो. मधे एकदा डुकरं ओठांवर आली, पण एवढ्या सजवलेल्या भाषणात ती बसेनात.

हरलोच. "छान बोललास हो फिलेमोनी," सरदार म्हणाले, "पण पेलेनाटोची सर नाही." आवाच्या पेयाची वाटी फिरली. पाण्याचं काय, हे कोणी विचारलं नाही.

घरी बायको लुसिया म्हणाली, "डुकरांचं सांगितलंत?"

"वेळ नाही मिळाला."

"तासभर तोंड चालू होतं ना? मग काय केलंत, हवामान सांगितलंत?"

ती घरी पाणी उकळायची. पण आमची सहा वर्षांची नात टिलोमाई खेळता खेळता झऱ्यालाच तोंड लावायची. आठव्या दिवशी ती डोळे पांढरे करून पडली. फेरीबोटीनं तिला राजधानीत, आपियाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जनावरांची विष्ठा आहे.

पेलेनाटोनं बैठक बोलावली. चवरी आणलीच नाही त्यानं. "मी चुकलो," म्हणाला. "पाणी घाण आहे. गोठा हलवा." एवढंच. संध्याकाळच्या आत गोठा हलला, आणि बायका त्यावरही रडल्या. मेल्याला माफीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली मागता येते.

तीन आठवड्यांनी टिलोमाई परत आली, काडीसारखी झालेली. मी हात पसरून उभा, आणि ती तडक शेजारी बसलेल्या पेलेनाटोच्या मांडीवर. "आजोबा, तुम्ही झरा बरा केलात ना?"

त्यानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फिलेमोनी, लुसियावहिनी म्हणत होती, डुकरं तू आधीच पाहिली होतीस."

पोरीनं मान वळवली. माझ्याकडे बघत राहिली.

"छे," मी म्हणालो, "मला कुठलं माहीत."