बाईंच्या वर्गातलं घड्याळ

बाईंना तंत्रज्ञान जमत नाही, असं मी आयर्लंडमधल्या पालकांना सांगितलं. ते खोटं होतं. मला बाईंबद्दल लिहायचं आहे, पण हे वाक्य आधी लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहायचा मला हक्क नाही.

बाई मुलांना प्रश्न विचारायच्या आणि उजवा तळवा पडद्यासमोर धरायच्या. रहदारी अडवणाऱ्या हवालदारासारखा नव्हे. पाळण्यातलं मूल उठू नये म्हणून आपण घरातल्यांना करतो ना, तसा. आणि हळूच म्हणायच्या, "येतंय, येतंय." पहिल्या शनिवारी मला वाटलं, नेटबद्दल बोलताहेत. मी धावत जाऊन राउटर बघून आलो. बाई हसल्या. "राउटर ठीक हाय, दादा. उत्तर येतंय."

मी त्यांच्याहून बराच लहान. काम अडलं की त्या मला 'दादा' म्हणायच्या आणि चिडल्या की 'सर'.

बोईसरला हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. त्याआधी मी तारापूरच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होतो. तिथे समोरच्या पॅनेलवर एखादा आकडा खाली घसरला की लाल दिवा लागायचा, आणि लाल दिवा लागला म्हणजे कुठेतरी कुणीतरी चुकलंय, हे ठरलेलं. नोकरी सुटली, ही समजूत सुटली नाही.

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांना मुलांसाठी शनिवारचा वर्ग हवा होता. त्यांची सकाळ, आपली दुपार. मी मोठा टचस्क्रीन बसवला, टेबलावर वरून खाली बघणारा एक कॅमेरा लावला आणि शिक्षक शोधायला लागलो. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शिरगावला घर, मागे वाडी. नोकरीची बरीच वर्षं मासवणकडच्या आदिवासी पाड्यांवर गेलेली. पहिल्या दिवशी त्या अबोलीचा गजरा माळून आल्या आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "आयर्लंडला दिसते का बघा. नसेल दिसत तर उगाच कशाला सुकवायची?"

दिसत होती.

तुम्हीही अशा शिक्षिका पाहिल्या असतील, ज्यांच्या हाती नवी वस्तू दिली की त्या आधी तिचा भलताच उपयोग शोधतात. मी बाईंना आवाज बंद करायचं बटण दाखवलं, ते मुलांच्या गोंगाटासाठी. बाईंनी ते स्वतःसाठी वापरलं. कॅमेऱ्याखाली छोटी शेगडी, पातेली, साखरेचा डबा, मिठाचा डबा, वाडीतली गवती चहाची पात असं मांडायचं, स्वतःचा आवाज बंद करायचा आणि चहा करायला घ्यायचा. चुकीचा. पाणी न घालताच पातेली शेगडीवर. पात न धुताच आत. मग हात जाणार मिठाच्या डब्याकडे. तिकडून मुलं ओरडायला लागायची, "बाई, नको! ते मीठ! पाणी घाला, पाणी!" बाई कानाला हात लावून ऐकू येत नसल्यासारखं करायच्या. पूर्ण, नीट वाक्य आलं की मगच ऐकू यायचं.

एकदा खालच्या दुकानातला कामगार जिना चढून वर आला. "मास्टरजी, ऊपर झगड़ा हो रहा है क्या? बच्चे बहुत चिल्ला रहे हैं."

"झगड़ा नहीं, चाय बन रही है," मी म्हणालो. तो मान हलवत खाली गेला.

या सगळ्या आरडाओरड्यात एक मुलगी गप्प असायची. रेवा. आठ वर्षांची. तिला मराठी समजायचं, बाईंच्या विनोदावर ती सगळ्यांच्या आधी हसायची, पण तोंडातून शब्द नाही. बाई तिलाही प्रश्न विचारायच्या, तळवा धरायच्या आणि थांबायच्या. इतर मुलं पाणी पिऊन यायची, कुणी मांजर आणून कॅमेऱ्यासमोर धरायचं, आपल्याकडे खालून ट्रकचे हॉर्न यायचे. बाई जागच्या हलायच्या नाहीत.

"बाई, पुढे जाऊ या का? वेळ जातोय," मी एकदा कुजबुजलो.

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

वर्ग संपल्यावर गजरा चाचपत म्हणाल्या, "पाड्यावरची पोरं पहिलीत आली की दिवाळीपर्यंत तोंड उघडत नसत. घरची भाषा वेगळी, पुस्तकातली वेगळी. आतल्या आत जुळवणी चालू असते हो त्यांची. आणि दिवाळी झाली की आईबापाबरोबर कामाला बाहेरगावी. मग मी वाट कधी बघायची? आल्या दिवसापासून बघायची."

आणि एका शनिवारी रेवा बोलली. बाईंनी विचारलं होतं, आज काय खाल्लंस? मांजर येऊन गेलं, पाणी पिऊन झालं, आणि ती म्हणाली, "घावन."

मी टाळ्या वाजवणार होतो. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझे हात हवेतच राहिले. पडद्याकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "कशाबरोबर?"

पुन्हा सगळे थांबले. "चटणीबरोबर. आणि गूळ."

त्यानंतर ती दर शनिवारी थोडं थोडं बोलू लागली. फोनवर आजीशी चार वाक्यं बोलते, असं तिच्या आईने कळवलं.

माझी चूक इथून पुढची. पालकांच्या वतीने व्यवहार बघणारे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, मुलं वर्गात किती रमतात, याचा काही रिपोर्ट मिळेल का? प्रश्न सरळ होता. मी एक नवीन प्रणाली घेतली. तिच्यात कोण किती बोललं याचा आलेख येत होता, आणि बाई जिथे जिथे थांबल्या होत्या तिथे लाल पट्टा. लाल बघितल्यावर माझं डोकं कंट्रोल रूममध्ये गेलं. मी बाईंना न विचारता प्रश्नांना घड्याळ लावलं. पडद्यावर एक गोल भराभर रिकामा व्हायचा, मग भोंगा वाजायचा, उत्तर आपोआप झळकायचं, आणि शेजारी मुलांची नावं गुणांप्रमाणे वर-खाली व्हायची.

रेवाचं नाव कायम तळाला. ती तोंड उघडायची, तेवढ्यात भोंगा. काही शनिवारांनी तिने कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली. आलेख मात्र हिरवागार झाला होता, आणि मी तो मोठ्या अभिमानाने पालकांना पाठवत होतो.

"दादा, ते घड्याळ काढता येतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. ते सिस्टीममध्येच आहे."

एका चौकोनातली एक टिक होती. काढायची म्हटली असती तर चहाचा घोट घेता घेता काढता आली असती. पण काढली असती तर लाल पट्टे परत आले असते, आणि त्यांचं उत्तर मला द्यावं लागलं असतं.

बाई त्या घड्याळाशी भांडत राहिल्या. गोल झाकायला पडद्यावर कागद चिकटवून बघितला. तो फक्त आमच्या बाजूला झाकला गेला. भोंगा वाजला की त्या जोरात खोकायच्या. मुलं हसायची. रेवाचा चौकोन काळाच असायचा.

मग तिच्या आईचा निरोप आला. रेवा शनिवारी सकाळी रडते, वर्गाला बसायचं नाही म्हणते. आजीशीही बोलत नाही. 'मला लवकर येत नाही, मी ढ आहे' असं म्हणते.

त्या गृहस्थांनी मला फोन करून विचारलं, "सर, नक्की काय झालं? मुलगी तर छान बोलायला लागली होती."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. बाईंचं वय झालंय, त्यांना नवीन तंत्र जमत नाही, मुलांचा गोंधळ होतो. बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पालकांनी दुसरी शिक्षिका मागितली. मी बाईंना सांगितलं की त्यांना तरुण कुणीतरी हवंय. बाईंनी शेगडी, पातेली, डबे पिशवीत भरले. पदराने टेबल पुसलं. "बरं," म्हणाल्या. दारात जाऊन थांबल्या. "ती पोर परत आली तर तिला घाई करू नका म्हणावं नव्या बाईंना." आणि शिरगावची रिक्षा पकडायला खाली उतरल्या.

नवी शिक्षिका हुशार होती. पहिल्याच आठवड्यात तिने सहज विचारलं, "सर, हे घड्याळ मी बंद केलं तर चालेल ना? एक टिकच तर आहे." आणि माझ्या होकाराची वाट न बघता तिने ती काढलीसुद्धा. मी बाहेरच्या खोलीत येऊन उगाच एका कॉम्प्युटरची वायर काढत-घालत बसलो.

शिरगावला जायला मला पुढे पावसाळा अख्खा लागला. बाई वाडीत नारळाच्या झावळ्या ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या सर." एवढ्यावरूनच मला माझी जागा कळली.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टिक. लाल पट्टे. पालकांना काय सांगितलं ते. त्या गृहस्थांना आता खरं कळवलंय, तेही. आणि म्हणालो, "बाई, मला माफ करा."

बाईंनी झावळी खाली टाकली. "मला जमत नाय म्हणून सांगितलंत? त्या पोरांना चहा शिकवला मी तुमच्या त्या बटणावर. जमत नाय!" मग त्या झावळ्यांची पाती सोलायला बसल्या.

"नवी शिक्षिका चांगली शिकवते. पण तुम्ही परत याल का?"

"नाय. नवी पोरगी चांगली शिकवते म्हणता ना? मग तिला शिकवू द्या. मला इथे काय कमी काम हाय?" पुढे आवाज खाली आला. "पण माझी माफी मागून तुमी मोकळे होताय, सर. मला माहीत होतं मी काय शिकवते. रेवाला कुठे माहीत हाय? ती बिचारी समजते, घड्याळ बरोबर आणि आपण ढ. तिला सांगा जा."

"आठ वर्षांच्या मुलीला?"

"मग खोटं काय मोठ्या माणसांपुरतं असतं काय?"

मी निघालो तेव्हा त्यांनी गवती चहाची जुडी दिली नाही. आधी दर वेळी द्यायच्या.

रेवाच्या आईला मी फोन केला. ती आधी नको म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. मग एका शनिवारी, वर्ग संपल्यावर, तिने रेवाला पडद्यासमोर आणून बसवलं. रेवाने माझ्याकडे बघितलं नाही. ती आईच्या बाहीचं बटण फिरवत होती. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बाई तिथे असत्या तर त्यांनी हे माझ्यापेक्षा नीट सांगितलं असतं. पण हे त्यांचं काम नव्हतं.

"रेवा," मी म्हणालो, "ते घड्याळ मी लावलं होतं. बाईंनी काढा म्हटलं, तेव्हा निघत नाही असं मी खोटं सांगितलं. ते निघत होतं. तुला बोलायला वेळ लागत होता, कारण तू नीट विचार करून बोलत होतीस, आणि ते अगदी बरोबर होतं. तू ढ नाहीस. चूक माझी होती. मला माफ कर, बाळा."